मुरुमातलं पाणी

आमच्या घरात काकवीची रिकामी बाटली टाकून द्यायची सोय न्हाय. मी म्हणावं संपली, आन् मालकांनी ती उजेडात धरून म्हणावं, "संपली कुठं? कडंला किती चिकटून राहिलीया बघ की." मग आत कोमट पाणी सोडायचं, बाटली तिरकी करून उन्हात ठेवायची, आन् जेवताना त्यातली चमचाभर काकवी भाकरीवर ओतून माझ्याकडं ऐटीत बघायचं. तुपाचं डबडं, लोणच्याची बरणी, सगळ्याला हाच न्याय. दाताची पेस्ट तर कात्रीनं उभी चिरत्यात. तेल काढणाऱ्या माणसाशी लगीन केलं, आता भोगा म्हणायचं.

मालक म्हणजे श्रीपाल, ह्याच गडमुडशिंगीतलं. सारी नोकरी गुजरातेत, तेलाच्या विहिरींवर गेली. त्यातबी नवीन विहिरी पाडणारी टोळी वेगळी, तिचा थाट वेगळा. ह्यांची टोळी जुन्या विहिरींवाली. कंपनीनं 'आता हिच्यात काय न्हाय' म्हणून सोडून दिलेली विहीर असंल तिथं जायचं आन् मागं राहिलेलं तेल कमी खर्चात काढून द्यायचं. मी म्हणायची, "दुसरी जेवून उठली की ताटं पुसाय जाता तुम्ही." त्यावर मालक नुसतं हसायचं.

मागल्या दिवाळीत रिटायर होऊन घरला आलं तसं रोज दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो की तेच पुराण. माझं आता पाठ झालंय. जमिनीखाली तेलाचं तळं नसतंय. दगडाच्या बारीक भोकांत ते मुरलेलं असतंय, आन् असे थर एकाखाली एक असत्यात, कुठला जाड, कुठला पातळ. विहीर पाडली की आत लोखंडी पाईप सोडायची आन् पाईपेच्या मागं सिमेंट भरायचं. त्याला केसिंग म्हणत्यात. मग जाड थर जिथं असंल तिथंच पाईपेला भोकं पाडायची. पातळ थर राहिले सिमेंटाच्या मागं. जाड थर संपला की विहीर बाद.

"आन् आम्ही काय करायचो," मालक भाकरीचा तुकडा हवेत धरून सांगायचं, "नवीन विहीर न्हाय, काय न्हाय. त्याच विहिरीत खालचा थर बुच मारून बंद करायचा, वरच्या पातळ थरासमोर पाईपेला नवी भोकं पाडायची. नव्या विहिरीच्या खर्चात अशा कितीतरी म्हाताऱ्या उठून बसत्यात."

"म्हणजे पहिल्या लोकांनी चांगलं तेल सिमेंट लावून बुजवलं? येडीच की मग," मी एकदा म्हणलं.

तेव्हा मात्र मालक हसलं न्हाईत. "सिमेंट करणाऱ्याला नावं ठेवायची न्हाईत, त्रिशला. त्याच्या वेळंला खालचा थर भरभरून देत होता. वरच्याची त्याला गरजच न्हवती. मागनं येणाऱ्याला शाणपण सोपं असतंय."

आक्का समोर बसून ऐकत होत्या. त्यांनी मान वर केली, भावाकडं जरा बघितलं आन् परत ताटात बघाय लागल्या. तेव्हा मला त्यात काय वाटलं न्हाय.

आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मालक रांगत होतं, तेव्हापासनं ह्यांना आक्कानीच वाढवलं. आक्कांना बघाय पावणं आलते, चांगलं बागायतदार घर होतं. आक्कानी चहा दिला आन् विचारलं, "माझ्याबरोबर धाकटा भाऊ येणार, चालंल का?" पावणं चहा पिऊन गेलं ते परत आलं न्हाईत. आक्कांना त्याचं काय सोयरसुतक न्हवतं. अजून सांगताना त्या हसत्यात, म्हणत्यात, "चहा मात्र दोन-दोन कप पिलं हो."

मी ह्या घरात आले तेव्हा वाटलं होतं, अशी नणंद म्हणजे सासूच्या वर. भांडलोबी आम्ही. मीठ कमी-जास्त, फडकं कुठं वाळत घातलं, कशावरनंबी. पण मालक तिकडं गुजरातेत, आन् मी पोरीला घेऊन कधी तिकडं, कधी इकडं. पोरगी तापानं फणफणली की उशाशी आक्का. माझा बाप गेला तेव्हा मला पोटाशी धरून बसलेली आक्का. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं केलंय त्यांनी माझं, आन् मी ते तोंडावर कधी म्हणलं न्हाय, कारण म्हणलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "हं, पुरं आता, दूध उतू जाईल."

आता आक्कांच्या पाण्याचं सांगते. लई वर्षांमागं त्यांनी व्रत घेतलं. उघड्या विहिरीचंच पाणी प्यायचं. नळाचं चालत न्हाय, बोअरचं चालत न्हाय. परड्यात आमची दगडी बांधणीची विहीर हाय. पहाटे पाणी शेंदायचं, दुहेरी फडक्यातनं गाळायचं. फडक्यावर जे बारीक जीव राहत्यात त्यांना गाळलेल्या पाण्यानं धुऊन परत त्याच विहिरीत पोचवायचं. त्याला जिवाणी म्हणत्यात. वरनं भसकन ओतायची न्हाय, जीव आपटून मरतील. त्यासाठी बुडाला कडी लावलेली एक बारकी बादली हाय. ती पाण्याला टेकली की दोरीला हिसका द्यायचा, मग अलगद पालथी होती. बादली पालथी झाली की आक्का रोज म्हणणार, "जावा बाबांनो घरला."

बोअरच्या पाईपेतनं जिवाणी परत कशी सोडणार? म्हणून बोअर न्हाय. ज्याच्या घरातनं आणलं त्याला त्याच्या घरात सोडायचं, एवढं सरळ हाय ते.

पण आजूबाजूला शिवारभर बोअर झाल्या आन् आमच्या विहिरीचं पाणी खाली खाली जात राहिलं. आक्का दर उन्हाळ्यात दोरीला तुकडा जोडायच्या. दोरीला गाठींवर गाठी झाल्या. ह्या वर्षी चैत सरता सरता विहिरीच्या तळाला परातीएवढं पाणी राहिलं. एका पहाटे आक्कानी जिवाणीची बादली सोडली ती पाण्याला टेकलीच न्हाय, चिखलात बसली. आक्का लई वेळ दोरी धरून उभ्या होत्या. मी दारातनं बघत होते.

त्याच दिवशी तूरडाळ निवडत निवडत त्या म्हणाल्या, "अक्षय तृतीया झाली की मी क्षेत्रावरच्या आश्रमात जाते. तिथल्या विहिरीला बारमाही पाणी हाय. सोय चांगली हाय, माझ्या वयाच्या बायका हाईत."

"किती दिवस?" मालकांनी विचारलं.

"आता काय दिवस मोजायचं? तिथंच राहीन की."

मालकांच्या हातातली भाकरी ताटात पडली. मी आपली तोंडाची फटकळ. म्हणलं, "आक्का, एवढं एक व्रत जरा सैल करा. कोण बघतंय?"

"व्रत म्हणजे गॅसची शेगडी हाय व्हय गं, पायजे तेव्हा बंद करायला?" असं म्हणून त्यांनी डाळीतला खडा उचलून माझ्या हातावर ठेवला.

ह्या माणसानं जन्मभर परमुलखात दिवस काढलं ते कशाच्या भरवशावर, तर रिटायर झाल्यावर आक्काच्या हातचं खाऊन ह्या घरात बसायचं. आन् तो घरला आला तर आक्काच निघाली. मी रांधाय गेले तर मला चूल धड दिसंना.

माझा मावसभाऊ बाळासो कागलला असतोय. बोअरच्या गाडीचा धंदा हाय त्याचा. त्याला बोलावलं. तो विहिरीत डोकावला आन् म्हणाला, "दाजी, हिचं दिवस भरलं. उद्या गाडी आणतो, परड्यात बोअर मारून देतो." मी त्याला आक्कांचं व्रत सांगितलं. मग म्हणाला, तळाला सुरुंग लावून विहीर खोल करूया. आक्कानी आतनं ऐकलं. "तळाला बेडकं हाईत, कासव हाय. माझ्या घोटभर पाण्यासाठी त्यांना उडवणार व्हय?" झालं, सुरुंगबी बसला.

मालक दोन दिवस विहिरीच्या काठावर बसून होतं. मग आत आलं, आक्कांच्या समोर बसलं आन् तिकडं गुजरातेत बोलायचं त्या आवाजात म्हणालं, "आक्का, विहीर आजारी पडली की आम्ही पहिल्यांदा विचारतो, पाणी कधीपासनं कमी झालं, आन् त्याच्या आधी विहिरीला कुणी काय केलं? आठवून सांग बघू."

"मला न्हाय बाबा आठवत," आक्का म्हणाल्या.

आता ही बाई म्हणजे माझ्या लग्नात कागलच्या कुठल्या काकूनं कुठल्या रंगाचं लुगडं नेसलेलं तेबी सांगती. आन् विहिरीचं आठवत न्हाय? वर निवडून ठेवलेली डाळ परत सुपात ओतून निवडाय बसल्या. मला जरा विचित्र वाटलं, पण म्हणलं, जायच्या विचारानं मन थाऱ्यावर नसंल.

मग मालकांनी मला विहिरीच्या काठावर नेऊन विचारलं. आन् मी काय, मनात येईल ते तोंडात. म्हणलं, "विहिरीला काय केलं म्हणजे? तुम्हीच की ते सिमेंट केलं. आपल्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात."

बोललं आन् मालकांच्या तोंडाकडं बघितलं. पार पांढरं पडलं होतं.

झालं होतं असं. आक्कानी त्या वर्षी नुकतं व्रत घेतलतं. विहिरीच्या दगडांच्या सांदीत बेडकं असायची, चिमण्यांची घरटी असायची. बादली वर येताना भिंतीला घासायची. एक दिवस एक बेडूक चिरडलं, तर आक्का दिवसभर जेवल्या न्हाईत. मालक सुट्टीवर आलते, तिकडं सिमेंटचं काम नवीन नवीन शिकलेलं, अंगात नुसती रग. म्हणालं, "आक्का, तुझ्या विहिरीला केसिंग करून देतो. एकबी सांद ठेवत न्हाय, मग जीव राहतीलच कुठं?" उद्यमनगरातल्या दोस्ताच्या कारखान्यातनं सिमेंट दाबून भरायचा हातपंप करवून आणला. आधी एकेक बेडूक, एकेक घरटं हातानं काढून चिंचेखाली नेऊन ठेवलं आन् मग दगडादगडामधी दाबून सिमेंट भरलं. सारी सुट्टी त्यात गेली. हाताला भेगा पडल्या. माझ्याशी तर धड बोलायलाबी सवड न्हवती, नवी नवरी मी. गाव बघाय आलतं. मालक सगळ्यांना सांगत होतं, "आता हे जन्मात हलायचं न्हाय."

आन् हललं न्हाय ते.

"वरच्या मुरुमातनं झरे येत होते, त्रिशला," मालक काठावर बसून म्हणालं. "ते मी बुजवलं. तळाचं पाणी तेव्हा मायंदाळ होतं म्हणून कुणाला कळलं न्हाय. मग बोअरनी तळ ओढला. आन् मी तिकडं बसून लोकांनी बुजवलेली तेलं काढतोय." मग आपलं दोन्ही हात बघत म्हणालं, "माझ्या हातानं मी माझ्या आक्काला घरातनं काढली."

मला वाईट वाटलं, पण वाईट वाटलं की मला राग येतोय. म्हणलं, "काढलीया तर ठेवून घ्या परत. नुसतं बसून काय हुतंय? तुमच्या त्या म्हाताऱ्या विहिरी उठून बसत्यात न्हवं? मग ही काय सावत्र हाय?"

मालक उठलं. जाता जाता मला म्हणालं, "आक्काला सांगू नको. तिच्या बेडकापायी झालं असं तिला वाटंल. ती स्वतःला खाईल."

मी कबूल झाले. मला ओळखणाऱ्या कुणालाबी विचारा, गोष्ट पोटात ठेवणं मला किती जड जातंय.

आता झरे नेमके कुठं, ते कसं कळायचं? तिकडं तेलाच्या विहिरीत यंत्र सोडत्यात. इथं मालकांनी माझा रांगोळीचा डबा मागितला. मोटंच्या जुन्या लाकडाला दोर बांधून फळीवर बसलं, बाळासोनं दोर धरला, आन् मालक विहिरीत लोंबकळत भिंतीवर मुठीमुठीनं कोरडी रांगोळी उधळाय लागलं. माझी पांढरीशुभ्र रांगोळी. कोरड्या सिमेंटवरनं ती खाली झडायची. पण पुरुषभर खाली, उसाच्या रानाच्या बाजूला, ती चिकटाय लागली. बोटभर इथं, हातभर तिथं, असं करत एक आडवा पांढरा पट्टा उमटला. सिमेंट आतनं दमट होतं.

"मुरूम संपून खडक लागतोय ती जागा," मालक खालनं म्हणालं. "वरच्या उसाला पाणी पाजत्यात ते मुरुमातनं उतरून खडकावर येतंय आन् माझ्या सिमेंटाला थटून थांबतंय."

बाळासोनं डोकं खाजवलं. "दाजी, मुरूम ढासळतोय म्हणून आम्ही बोअरला तेवढ्याच भागात पाईप घालतो की. म्हणजे ते पाणी कुणीच घेत न्हाय म्हणा."

"कुणीच न्हाय. सगळी खालच्या पाण्याला भांडत्यात, वरचं तसंच बसलंय."

दुसऱ्या दिवशी बाळासोनं ड्रिल मशीन आणलं. आक्कांना एवढंच सांगितलं, भिंतीत झरा लागतोय का बघतोय. त्यांनी अट घातली, खाली चिखलात कासव हाय, त्याच्यावर खडं पडता कामा न्हाईत. मग मालकांच्या फळीखाली माझी जुनी चादर झोळीसारखी बांधली. अक्षय तृतीया तोंडावर आलती. आत आक्कानी ट्रंक काढून कपडं घडी घालाय घेतलेलं. मशीनचा आवाज विहिरीत घुमायचा आन् आत ट्रंकेचं झाकण वाजायचं. मला दोन्ही ऐकू यायचं.

पहिलं भोक कोरडं निघालं. दुसरं कोरडं. पट्टा धरून भोकं पाडत गेलं, नुसता सिमेंटचा पिठूळ भुगा. दुपारी मालक वर आलं ते भुवयांपर्यंत पांढरं. बाळासो हळूच म्हणाला, "दाजी, आता मनाला लावून घेऊ नका." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो चहा प्यायला आत पळाला.

अक्षय तृतीयेला देवळात उसाचा रस वाटला. आदिनाथ भगवंतांचा उपास ह्या दिवशी उसाच्या रसानं सुटला, म्हणून. आक्कानी सगळ्या गल्लीला जय जिनेंद्र केलं, सगळ्यांचा निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती. घरला आलो तसं मालक दारात चपला काढता काढता थांबलं.

"भुगा," म्हणालं.

"काय?"

"त्रिशला, भुगा भोकात बसलाय. तिकडंबी भोकं पाडल्या पाडल्या तेल येत न्हाय. आधी भोक धुवाय लागतंय. तिकडं आम्ही आम्ल सोडतो, इथं ते चालायचं न्हाय." असं म्हणत सैपाकघरात गेलं आन् माझ्या कुकरच्या झाकणाची रबरी रिंग ओढून काढली.

"अहो, नवी हाय ती."

"आता न्हाय," म्हणालं आन् कात्रीनं कापली.

लोखंडी सळीच्या टोकाला सुतळी आन् त्यावर रबराचं तुकडं आवळून बांधलं. तो दट्ट्या भोकात आत सारायचा आन् जोरानं मागं ओढायचा, म्हणजे आतलं ओढलं जातंय. सणाच्या कपड्यांतच फळीवर बसलं. बाळासो सणाला आलताच, त्यानं दोर धरला. मालक एका भोकाला दट्ट्या मारून ओढायचं, मग दुसऱ्याला. सळीबरोबर भुगा यायचा, मग भुग्याचा चिखल. मग एका भोकातनं तांबडी लाळ गळाय लागली. बाळासो म्हणाला, "आलं वाटतं." मालक म्हणालं, "बोलू नको." आन् ओढत राहिलं. ती लाळ पातळ होत गेली, मग करंगळीएवढी धार झाली, आन् धार स्वच्छ झाली. शेजारचं भोक आपणहून सुटलं. मग त्याच्या पलीकडचं.

पाण्याचं थेंब तळाला पडाय लागलं. विहीर खोल, त्यामुळं आवाज मोठा येत होता. चुळचुळ, चुळचुळ.

मी वळून बघितलं तर आक्का परड्याच्या दारात उभ्या. हातात घडी घातलेलं लुगडं. डोळं मिटलेलं.

"आलं," त्या म्हणाल्या.

"व्हय आक्का, पाणी आलं," मी म्हणलं.

"पाणी न्हवं गं. आवाज आला. रोज पहाटे दोरी सोडताना हा आवाज असायचा. सिमेंट केलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं गेलता."

बाळासोनं मालकांना वर घेतलं. मालक काठावर तसंच बसलं, चिखलानं माखलेलं, हातात कुकरच्या रबराची सळी. "आक्का, तुला ठावं होतं?"

"होतं की."

माझं टाळकं सरकलं. "म्हणजे तुम्हाला ठावं, ह्यांना ठावं, आन् एकमेकांना कळू नये म्हणून मी मधी तोंडाला कुलूप लावून फिरतीया? चार दिवस मला जेवण गेलं न्हाय. एवढं बोलला असता तर माझी रिंग तरी वाचली असती."

दोघांपैकी एकानंबी माझ्याकडं बघितलं न्हाय.

"मग सांगितलं का न्हाईस?" मालकांचा आवाज बारीक झालता. "तेव्हाच सांगितलं असतंस तर तेव्हाच फोडलं असतं."

आक्का पायरीवर बसल्या. "कसं सांगू? वर्षाची एकच सुट्टी तुझी. नवी बायको घरात, आन् तू माझ्या बेडकांसाठी विहिरीत लोंबकळत होतास. हाताला ह्या एवढ्या भेगा. गावाला दाखवत होतास, आक्काची विहीर बघा म्हणून. त्या तोंडाला मी सांगू, बाबा, तू माझं पाणी बंद केलंस? तळाला पाणी होतं की. मला तेवढं पुरत होतं."

"आन् आता? आता तर पुरत न्हवतं. तू कायमची निघालीस की."

"जाताना सांगितलं असतं तर तू जन्मभर ह्या काठावर बसला असतास." आक्कानी पदरानं त्याच्या कपाळावरचा चिखल पुसला, लहान पोराचा पुसावा तसा. "तूच म्हणतोस न्हवं, सिमेंट करणाऱ्याला नावं ठेवायची न्हाईत? मग मी कशी ठेवीन?"

मालक रडलं. साठीचा बाप्या माणूस, बाळासोसमोर, ढसाढसा. बाळासो बिचारा दोर गुंडाळत बसला, गुंडाळलेलाच परत सोडून परत गुंडाळला. मी आत गेले आन् ट्रंकेतलं कपडं फडताळात रचाय लागले. डोळं पुसत पुसत रचलं, त्यामुळं घड्या वाकड्या झाल्या. आक्कानी नंतर सगळ्या परत घातल्या. गाडीवाल्याला फोनबी मीच केला.

सकाळपतोर तळाला चांगलं गुडघाभर पाणी झालं, वर येतच होतं. दोन-तीन दिवसांत गढूळपणा खाली बसला. एका पहाटे आक्का दोरी मांडीवर घेऊन बसल्या आन् शेवटचा तुकडा सोडाय लागल्या. गाठ पिळदार बसलेली, सुटंना. मी कात्री आणली तर म्हणाल्या, "कापू नको, उपयोगाला येती." ह्या घरात कुणी काय टाकून देईल तर शपथ. दातानं गाठ सोडवली.

पाणी शेंदलं, फडक्यातनं गाळलं. पहिला तांब्या भावाच्या हातात दिला. मालकांनी चूळ न भरता तसाच अख्खा पिला.

"कसं लागतंय?" आक्कानी विचारलं.

"मुरुमासारखं."

"आपल्या लहानपणी असंच लागायचं," आक्का म्हणाल्या.

मग त्यांनी जिवाणीची बादली सोडली. तेवढ्या दोरीतच बादली पाण्याला टेकली. आक्कानी अलगद हिसका दिला.

"जावा बाबांनो घरला."

मालक अजून काठावरच, भिंतीतनं येणाऱ्या धारंकडं बघत बसलेलं. आक्कानी बादली वर घेतली, दोरी खुंटीला अडकवली आन् जाता जाता त्यांच्या खांद्याला हात लावला.

"आन् तू रं श्रीपा? चल घरला. भाकरी थंड होतीया."